पुरुषांसाठी केलेले शुभेच्छापत्र ओकेबोके का दिसते : कारणे आणि उपाय

घरी शुभेच्छापत्रे करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. आईसाठी, बहिणीसाठी किंवा मैत्रिणीसाठी केलेले कार्ड सहज जमून येते; पण वडिलांचा वाढदिवस, भावाची राखी, काकांची सेवानिवृत्ती किंवा आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन आले, की हात तोच, कागद तेच आणि कात्रीही तीच असूनही कार्ड ओकेबोके दिसू लागते. मग ती जागा भरण्यासाठी मिशी, टाय, मोटार किंवा चहाचा कप यांपैकी काहीतरी चिकटवले जाते. कार्ड रिकामे दिसायचे थांबते, परंतु ते नेमके कोणासाठी केले आहे हे पाकिटावरचे नाव वाचल्याशिवाय कळत नाही, आणि पुढच्या वर्षी तीच अडचण पुन्हा उभी राहते.

हा दोष कल्पनांच्या तुटवड्याचा आहे असे समजून बहुतेक जण नव्या नमुन्यांच्या शोधात निघतात. माझ्या मते सुरुवात तेथून करू नये. फुलांच्या कार्डात फूल केवळ शोभेला नसते. ते तीन कामे करते. कोपऱ्यात बसून ते तिरपा कापलेला काठ आणि बाहेर आलेला गोंद झाकते, मधोमध बसून नजरेला थांबायला जागा देते, आणि पाकळ्यांच्या थरांमुळे सपाट कागदाला उंची व सावली मिळवून देते. पुरुषांसाठी कार्ड करताना आपण फूल काढून टाकतो, पण त्याची कामे दुसऱ्या कशाकडेच सोपवत नाही. (पुरुषांना फुले चालत नाहीत असे मुळीच नाही; गच्चीवर जास्वंदीच्या कुंड्या सांभाळणाऱ्या काकांना जास्वंदीचेच कार्ड द्यावे. येथे विचार आहे तो फूल नको असेल तेव्हाचा.)

म्हणून दुरुस्तीपूर्वी एक परीक्षा करावी. फसलेले कार्ड समोर ठेवावे आणि एखादे कागदी फूल न चिकटवता त्याच्यावर सरकवत, ते कोठे ठेवले असता कार्ड बरे दिसते ते पाहावे. फूल काठाशी किंवा कोपऱ्यात ठेवावेसे वाटले तर दोष कापण्यात आणि समासात आहे. मध्यभागी ठेवावेसे वाटले तर कार्डाला विषयच नाही. कोठेही ठेवले तरी चालेल असे वाटले तर कार्ड फार सपाट झाले आहे. या परीक्षेला दोन मिनिटे लागतात आणि नवा कागद वाया जात नाही.

काठ आणि समास

पहिला दोष सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत कमी ओळखला जातो. समजा, कार्डाचा दर्शनी भाग ए६ आकाराचा, म्हणजे १०५ × १४८ मिलिमीटरचा आहे आणि त्यावर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर समास सोडून दुसऱ्या रंगाचा कागद चिकटवायचा आहे. तो कागद एका बाजूला केवळ १ मिलिमीटर सरकला, तरी एक समास २ आणि समोरचा ४ मिलिमीटर होतो. म्हणजे एक दुसऱ्याच्या दुप्पट. डोळ्याला मिलिमीटर मोजता येत नाहीत, पण दोन शेजारच्या पट्ट्यांची तुलना तो लगेच करतो. समास ८ मिलिमीटरचा ठेवला तर तीच चूक ७ आणि ९ अशी होते व सहसा लक्षात येत नाही. त्यामुळे ज्यांचा हात अजून बसलेला नाही, त्यांनी अरुंद समासाचा मोह टाळावा.

दुसरा मार्ग समास पूर्णपणे काढून टाकण्याचा. वरचा कागद मुद्दाम थोडा मोठा ठेवून चिकटवावा, वजनाखाली वाळू द्यावा आणि मग दोन्ही थर एकदम कापावेत. काठ आपोआप जुळतात. या कामाला कात्री उपयोगाची नाही. स्टीलची पट्टी आणि नवे पाते घातलेला कटर घ्यावा, पट्टी जो भाग ठेवायचा आहे त्याच्यावर दाबून धरावी, म्हणजे पाते घसरले तरी टाकाऊ भागातच जाते, आणि एकदाच जोर लावण्याऐवजी हलक्या हाताने तीन वेळा पाते फिरवावे. तुटक पात्याच्या कटरचे टोक बोथट झाले की ते मोडून पुढचे वापरावे. पाते वाचवण्यात बचत नाही, कारण बोथट पाते कागद कापण्याऐवजी फाडते आणि तो लवदार काठ गडद रंगावर पांढरा दिसतो.

विषय कोठून आणावा

दुसऱ्या दोषाचे कारण असे, की कार्ड ‘पुरुषासाठी’ केलेले असते. मिशी आणि टाय ही कोणत्याही पुरुषाची चिन्हे आहेत, म्हणून ती एकाही पुरुषाची नाहीत. कोट आणि टाय यांच्या घडीचे कार्ड सर्वत्र दिसते. पण आपल्याकडील किती वडिलांनी लग्नाच्या स्वागतसमारंभानंतर टाय पुन्हा बांधला असेल? त्याऐवजी त्या व्यक्तीच्या हाताखालून रोज काय जाते किंवा जात असे, हे स्वतःला विचारावे. शिंप्याचा खाकी कागदावरचा बेत, लेथवर काम करणाऱ्याचे निळ्या कागदावरील पांढऱ्या रेषांचे रेखाचित्र, हिशेबनिसाची तांबड्या समासरेषेची खतावणी, क्रिकेट शिकवणाऱ्याची धावफलकाची वही, पूर्वी रेल्वेत काम केलेल्यांच्या ओळखीचे छोटे पुठ्ठ्याचे तिकीट. अशा वस्तूंचा मोठा फायदा असा, की त्यांना स्वतःची रेषा, आखणी आणि रंग असतात, म्हणजे कार्डाची निम्मी रचना तयारच मिळते. जुनी मूळ कागदपत्रे मात्र कापू नयेत. त्यांची छायाप्रत घ्यावी.

दोन-तीन नमुने तपशिलाने सांगतो, कारण येथेच बहुतेकांचे अडते.

कॅरम खेळणाऱ्यासाठी संपूर्ण पट काढण्याच्या फंदात पडू नये. पट सुमारे ७४ सेंटीमीटर लांबी-रुंदीचा आणि सोंगटी जेमतेम ३ सेंटीमीटरची असते. हे प्रमाण पाळले तर कार्डावरची सोंगटी मसुराच्या दाण्याएवढी होईल. फक्त मधली मांडणी घ्यावी : ९ पांढऱ्या, ९ काळ्या आणि एक लाल राणी. राणीभोवती ६ आणि त्यांच्याभोवती १२, अशा १९ सोंगट्या बरोबर बसतात. कार्यालयातील साध्या पंचने पडणारी चकती सुमारे ६ मिलिमीटरची असते, त्यामुळे मधल्या ओळीतील पाच चकत्या मिळून रुंदी ३० मिलिमीटर होते. कंपासने ३४ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ काढावे, राणी प्रथम चिकटवावी, मग आतले कडे आणि शेवटी बाहेरचे. बाकीचे कार्ड फिकट लाकडी रंगाचे व पूर्ण मोकळे ठेवावे. ते रिकामे दिसत नाही, कारण कॅरमचा पटही मधली मांडणी सोडली तर मोकळाच असतो.

सह्याद्रीत भटकणाऱ्या भावासाठी किंवा मित्रासाठी डोंगराची आकृती काढण्यापेक्षा समोच्चरेषांचे, म्हणजे नकाशावर समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचे, कार्ड करावे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्चरेषा २० मीटरच्या अंतराने असतात, तेवढ्या कापत बसणे अशक्य असल्याने दर १०० मीटरची रेषा तेवढी घ्यावी. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे, तेव्हा १,००० मीटरपासून सुरुवात केली तर १,६०० पर्यंत सात थर होतात. सातही थर एकाच रंगाच्या कागदाचे घ्यावेत. हिरव्यापासून तपकिरीपर्यंत रंग बदलत नेल्यास ते शाळेतील भूगोलाच्या तक्त्यासारखे दिसते. एकच रंग ठेवला तर काम सावली करते. साधारण २५० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला २५० ग्रॅम भरणारा) कागद एक तृतीयांश मिलिमीटर जाड असल्याने सात थर मिळून दोन मिलिमीटरच्या आसपास जाडी होते आणि कार्ड नेहमीच्या पाकिटात मावते.

सहस्रचंद्रदर्शनासाठी करायचा नमुना मला स्वतःला सर्वांत आवडतो. पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी २९.५३ दिवस जातात, म्हणून हजार पौर्णिमांना सुमारे ८० वर्षे आणि १० महिने लागतात. ते हजार चंद्र कार्डावर प्रत्यक्ष आणता येतात. ९७ × १४० मिलिमीटरचा गडद निळा कागद घ्यावा, त्यावर आलेख कागद क्लिपने धरावा आणि दर ३ मिलिमीटरवर जाड टाचणीने भोक पाडावे. आडवी २५ व उभी ४० भोके घेतली, की बरोबर हजार होतात आणि त्यांनी व्यापलेली जागा ७२ × ११७ मिलिमीटर होते. म्हणजे चारही बाजूंना बारा मिलिमीटरच्या आसपास समास उरतो. खाली फिकट पिवळा कागद लावला, की तो भोकांतून दिसतो. टाचणी कागदाच्या मागच्या बाजूने टोचली तर पुढे उंचवटे येतात आणि पुढून टोचली तर भोके स्वच्छ दिसतात. दोन्ही चालते, परंतु मध्येच बाजू बदलू नये. खाली जुनी रबरी चप्पल किंवा जाड फोम ठेवावा. काम कंटाळवाणे आहे हे खरे, पण आजोबा ती भोके मोजायला बसण्याची शक्यता बरीच असते, त्यामुळे संख्या चुकवू नये.

सपाटपणा आणि गडद रंग

तिसऱ्या दोषावरचा सोपा उपाय म्हणजे एक-दोन मिलिमीटर जाडीचा फोम टेप. तो कार्डावरील एकाच घटकाखाली लावावा. सर्वच घटक उचलले तर सर्व पुन्हा एकाच पातळीवर येतात आणि हेतू फसतो. टेपचे तुकडे काठापासून किमान ४ मिलिमीटर आत ठेवावेत, नाहीतर तिरके पाहताना पांढरा फोम दिसतो. जाडी नको असेल तर पोत बदलावा. गुळगुळीत कार्डशीटवर हातकागदाचा एक तुकडा लावला तरी सपाटपणा जातो. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद किंवा खादीच्या दुकानांत मिळणारा कागद यासाठी चांगला. त्याचा मूळचा ओबडधोबड काठ कापून टाकू नये. तसे कागद आणि कार्डशीट पुण्यात अप्पा बळवंत चौकात व मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर सुट्या तावांनी मिळतात.

पुरुषांचे कार्ड म्हणजे काळे, तपकिरी किंवा गडद निळे, अशी समजूत असल्यामुळे दोन नव्या अडचणी येतात. पहिली म्हणजे घडीवर पांढरी रेघ उमटते. रंग कागदाच्या फक्त पृष्ठभागावर छापलेला असला की असे होते. विकत घेताना तावाचा कोपरा किंचित फाडून आतला रंग पाहावा. मुळातून रंगवलेला कागद आतही तसाच असतो. दुसरी अडचण अक्षरांची. गडद कागदावर साध्या पेनाची शाई दिसत नाही आणि पांढरे जेल पेन लांब मजकुराला कंटाळते, मध्येच उमटायचे थांबते. म्हणून आत फिकट कागदाचे पान घालावेच लागते. गडद रंग एक तृतीयांशापेक्षा जास्त जागा घेऊ नये असा माझा तरी अनुभव आहे. विटकरी, मोरपंखी आणि मोहरीचा पिवळा हे रंग कोणालाही शोभतात.

घडी फुटणे आणि कार्ड वाकणे

हे दोष सर्वच कार्डांना होतात, पण पुरुषांसाठीच्या कार्डांत ते जास्त दिसतात. त्याचे एक कारण वर आलेच आहे : झाकायला फूल नसते. दुसरे कारण ऋतूचे आहे. पितृदिन जूनच्या तिसऱ्या रविवारी येतो, गुरुपौर्णिमा आषाढात आणि राखीपौर्णिमा श्रावणात, म्हणजे मामला ऐन पावसाळ्याचा. कागदाचे तंतू हवेतील ओल शोषून फुगतात, आणि ते लांबीत फारसे न वाढता जाडीत वाढतात. त्यामुळे ताव तंतूंच्या दिशेला आडव्या बाजूने जास्त पसरतो. त्यावर पाण्यात मिसळलेला गोंद जाड लावला, की वरचा थर ओला होऊन पसरतो, वाळताना आकसतो आणि कार्डाला ओढून वाकवतो.

यावर पहिला उपाय म्हणजे मोठ्या भागांसाठी फेव्हिकॉलऐवजी दुहेरी चिकटपट्टी वापरावी. तिच्यात पाणी नसते. फेव्हिकॉलच लावायचा असेल तर तो जुन्या एटीएम कार्डाच्या काठाने पुसून अगदी पातळ करावा, कागद चिकटवल्यावर वर-खाली कोरे कागद ठेवून जाड पुस्तकांखाली रात्रभर दाबावे, आणि दोन्ही थरांच्या तंतूंची दिशा एकच ठेवावी. पंख्याखाली वाळवलेले कार्ड हमखास वाकते, कारण त्याची एक बाजू आधी वाळते. कोकणात आणि मुंबईत कागद आदल्या दिवशीच प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढून खोलीत मोकळा ठेवावा, म्हणजे त्याला जे फुगायचे असेल ते कापण्यापूर्वी फुगून होते.

तंतूंची दिशा ओळखणे सोपे आहे. ताव न मोडता हलकेच एकदा उभा आणि एकदा आडवा वाकवावा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, घडीची रेघ त्याच दिशेला समांतर ठेवावी. उलट दिशेने घातलेली घडी खडबडीत होते व फुटते. येथे एक गोष्ट फार जणांच्या ध्यानात येत नाही. बाजारातील ए४ कार्डशीटमध्ये तंतू बहुधा लांब बाजूला समांतर असतात. असा ताव मधोमध मोडून ए५ आकाराचे कार्ड केले, की घडी नेमकी तंतूंच्या आडवी जाते. तोच ताव आधी कापून त्याचे दोन ए५ तुकडे केले आणि एक तुकडा मोडून ए६ कार्ड केले, तर घडी तंतूंना समांतर येते आणि स्वच्छ बसते. शिवाय एका तावात दोन कार्डे होतात. घडी घालण्यापूर्वी संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या आधाराने रेघ दाबून घ्यावी. रेघेमुळे मागे जो उंचवटा उठतो तो घडीच्या आतल्या बाजूस ठेवावा. अनेक जण सवयीने उलटे मोडतात.

लहान आकाराचा लाभ टपालातही होतो. ३०० जीएसएमचा संपूर्ण ए४ ताव जवळजवळ १९ ग्रॅम भरतो, आणि पत्राचा दर २० ग्रॅमच्या टप्प्याने वाढत असल्याने पाकीट धरताच पुढचा टप्पा लागतो. ए५ तुकड्याचे कार्ड साडेनऊ ग्रॅमच्या आतच राहते, त्यामुळे सजावट आणि पाकीट यांना वाव उरतो. त्याला ११४ × १६२ मिलिमीटरचे सी६ पाकीट बरोबर बसते. फोम टेप वापरला असेल तर मात्र बंद करण्यापूर्वी कार्ड पाकिटात घालून पाहावे.

अक्षरे आणि मजकूर

संगणकावरून शीर्षक छापताना अनेकांचे अक्षर आपोआप मंगल टंकात (फॉन्टमध्ये) येते. र. कृ. जोशी यांनी रचलेला हा टंक संगणकाच्या पडद्यावर स्पष्ट वाचता यावा यासाठी आहे. कार्डावर तो कार्यालयीन परिपत्रकाची आठवण करून देतो, आणि त्यातील ल व श यांची वळणे मराठी वाचकाच्या सवयीची नाहीत. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त किंवा बलू हे टंक मोफत मिळतात व ठळक शीर्षकाला चांगले दिसतात. मात्र हाताने लिहिणे शक्य असेल तर तेच करावे. प्रथम पेन्सिलने शिरोरेषेची एकच ओळ आखावी आणि अक्षरे तिला टांगावीत. खालच्या रेषेवर अक्षरे बसवण्याच्या प्रयत्नात देवनागरी डगमगते.

मजकुराची अडचण अशी, की वडिलांना किंवा मोठ्या भावाला उद्देशून प्रेमाचे वाक्य लिहायला पुष्कळांना संकोच वाटतो, मग तयार चारोळी उतरवली जाते. जुन्या पत्रांचा मायना येथे फार उपयोगी पडतो. ‘ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.’ (तीर्थरूप बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष) एवढे लिहिले की आदर आणि जवळीक दोन्ही आपापल्या जागी बसतात, आणि पुढे एखाद्या खऱ्या गोष्टीचे एकच वाक्य पुरते : सायकल शिकवताना सीट धरून कोण धावले, दहावीच्या अर्जाच्या रांगेत कोण उभे राहिले, पहिल्या पगारातून काय आणले. काका आणि मामांनाही हेच लागू आहे. धाकट्या भावासाठी किंवा भाच्यासाठी ‘चि.’ लिहावे आणि आशीर्वाद थोडक्यात आटपावेत. पत्नीने पतीसाठी केलेल्या पाडव्याच्या कार्डात घरात ज्या नावाने हाक मारली जाते तीच लिहावी, मग ती ‘अहो’ का असेना. सेवानिवृत्तीच्या कार्डात ‘आता विश्रांती घ्या’ हे वाक्य टाळावे. ज्यांना ते मिळते त्यांना ते बहुधा आवडत नाही.

आतले पान साध्या ८० ते १०० जीएसएमच्या कागदाचे, घडी घातल्यावर सुमारे १०० × १४३ मिलिमीटर होईल असे कापावे. मजकूर त्यावर आधी लिहावा, शाई पूर्ण वाळू द्यावी आणि मगच घडीलगत चिकटपट्टीची एकच अरुंद पट्टी लावून ते कार्डात बसवावे. हातकागदाचे पान असेल तर एका कपच्यावर शाई पसरते का ते आधी पाहावे. पसरत असेल तर फाउंटन पेन बाजूला ठेवून बॉलपेन किंवा पेन्सिल घ्यावी. पान शेवटी लावल्यामुळे लिहिताना काही चुकले तर फक्त तेवढे पान बदलावे लागते, हजार भोकांचे कार्ड पुन्हा करावे लागत नाही.